माणसाकडे चालत येणारे टेबल

टेबल ही वस्तू आपल्या घरांत फार उशिरा आली. बसायला सतरंजी, निजायला बाज किंवा वाकळ, जेवायला सारवलेली जमीन, एवढ्यावर आपल्या दोन-तीन पिढ्यांचे संसार झाले. टेबल पाहायला मिळे ते शाळेत मास्तरांचे, तहसिलीत साहेबांचे, दवाखान्यात डॉक्टरांचे. टेबलाच्या पलीकडे खुर्चीत ते आणि अलीकडे अर्ज हातात धरून उभे आपण. त्यामुळे टेबल म्हणजे अधिकाराची वस्तू, तिच्याकडे आपण जायचे असते, अशीच समजूत आपल्या मनात रुजून बसली.

आजच्या लेखात वाचक बंधू-भगिनींना ज्या टेबलाची ओळख करून द्यायची आहे, ते या समजुतीच्या अगदी उलट आहे. ते माणसाकडे येते. अंथरुणावर असलेल्या माणसाला उठवत नाही. आपणच सरकत जाऊन त्याच्या छातीपुढे उभे राहते. त्याची उंची कमी-जास्त करता येते आणि ते एका हाताने उचलता येते. हे टेबल सुमारे १९२७ साली फ्रान्समध्ये एका बाईने तयार केले. आज जगातल्या नामांकित वस्तुसंग्रहालयांत ते मांडलेले आहे. मात्र ते करणाऱ्या बाईचे नाव चाळीसेक वर्षे जग विसरून गेले होते. त्या बाईचे नाव आयलीन ग्रे.

परभणीतल्या वाचकाला वाटेल, फ्रान्समधल्या टेबलाशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो दोन प्रकारचा आहे. याच बाईच्या हातची एक खुर्ची आपल्या मराठी माणसांच्या इंदूर शहरात येऊन पोहोचली होती, हा एक. दुसरा म्हणजे हे टेबल ज्या अडचणीतून जन्मले, ती अडचण आपल्या प्रत्येक घरात आहे.

टेबल आहे तरी कसे?

रचना अगदी साधी आहे. खाली लोखंडी नळीचे गोल बूड. त्याच्या एका कडेवर उभा खांब. वर जेमतेम वीस इंच व्यासाची गोल काच, तीही नळीच्या कड्यात बसवलेली. खांब मधोमध नाही, एका बाजूला आहे. सारी गंमत तिथेच आहे. खांब बाजूला असल्यामुळे बूड पलंगाखाली सरकते आणि वरची काच पलंगावर बसलेल्या माणसाच्या पुढ्यात येते. खांबात एकात एक सरकणारी नळी आहे आणि तिला छिद्रे आहेत. साखळीला अडकवलेली एक खीळ हव्या त्या छिद्रात घातली की टेबल तेवढ्या उंचीवर थांबते. सर्वांत खाली सुमारे दोन फूट, सर्वांत वर सव्वातीन फुटांच्या आसपास. पलंगावरचा माणूस, खुर्चीतला माणूस आणि उभा माणूस, तिघांचेही काम त्या एकाच टेबलावर भागते.

या टेबलामागची हकिगत अशी सांगतात की, ग्रेबाईंच्या बहिणीला पलंगावर बसूनच सकाळचा नाश्ता करण्याची आवड होती. पावाचा चुरा अंथरुणात सांडू नये, बशी मांडीवर सांभाळत बसावे लागू नये, म्हणून त्यांनी ही युक्ती काढली. श्रीमंताघरच्या बाईच्या नाश्त्यासाठी काढलेली युक्ती, असे म्हणून आपण ती सोडून देऊ शकतो. पण जरा थांबून विचार करावा. अंथरुणावर बसून खाणारा माणूस आपल्या घरी कोण असतो? पक्षाघाताने एक बाजू गेलेले वडील. मांडीचे हाड मोडून तीन महिने पडून असलेला गवंडीकाम करणारा भाऊ. ओली बाळंतीण. दम्यामुळे रात्रभर बसून काढणारी आजी. पाण्याचा गडू तिच्या हाताला लागत नाही, म्हणून ती झोपलेल्या सुनेला हाक मारायला संकोचते आणि तशीच तहानेली राहते. श्रीमंताघरी जी चैन होती, ती आपल्या घरी गरज आहे. आपल्या हाताने घास घेता येणे, आपल्या हाताने पाणी पिता येणे, यात माणसाचा मान असतो. तो मान एका चांगल्या वस्तूने राखला जाऊ शकतो, हे या टेबलाने दाखवून दिले.

कोण ही बाई?

आयलीन ग्रे यांचा जन्म ९ ऑगस्ट १८७८ रोजी आयर्लंडमधील वेक्सफोर्ड परगण्यात एन्निस्कॉर्थी या गावाजवळ झाला. घरची स्थिती सुखवस्तू होती. लंडनच्या स्लेड कलाशाळेत त्या चित्रकला शिकल्या आणि १९०२ च्या सुमारास पॅरिसला गेल्या. त्या काळी सुखवस्तू घरच्या मुलीने चित्रे काढणे हे शिष्टसंमत होते. हाताने सामान घडवणे, पॉलिश करणे, खिळे-पट्ट्यांशी झुंजणे हे मात्र कारागिराचे, म्हणजे खालच्या वर्गाचे काम समजले जाई. हातकामाची तुच्छता ही केवळ आपल्याकडचीच गोष्ट नव्हे. आपल्याकडे तिला जातीचे कुलूप आहे, तिथे वर्गाचे होते, एवढाच फरक.

ग्रेबाईंनी ती मर्यादा ओलांडली. पॅरिसमध्ये सेइझो सुगावारा नावाचा एक जपानी कारागीर होता. त्याच्याकडे त्या जपानी रोगणकाम शिकल्या. आपल्याकडे सावंतवाडीच्या खेळण्यांवर लाखेचे काम होते. जपानी रोगण वेगळे, ते एका झाडाच्या चिकापासून करतात. पातळ थर द्यायचा, दमट जागेत वाळवायचा, घासायचा, पुन्हा थर द्यायचा. असे वीस-वीस, तीस-तीस थर. एकेका वस्तूला महिनेच्या महिने लागतात. त्या चिकाने अंगावर पुरळ येते, कातडी सोलते. ग्रेबाईंच्या हातांनाही तो त्रास झाला, पण त्यांनी काम सोडले नाही. अनेक वर्षे त्या सुगावारांसोबत काम करीत राहिल्या. आयर्लंडची सुखवस्तू बाई आणि जपानी खेड्यातून आलेला कारागीर, यांत गुरू कोण होता हे ध्यानात घ्यावे.

पहिल्या महायुद्धात काही काळ त्यांनी जखमींसाठी रुग्णवाहिका चालवली. युद्धानंतर १९२२ साली त्यांनी पॅरिसमध्ये आपले दुकान उघडले. दुकानाचे नाव ठेवले ‘झाँ देझेर’. झाँ हे पुरुषाचे नाव. तसा कोणी पुरुष नव्हताच. बाईच्या नावाचा फलक पाहून गिऱ्हाईक पायरी चढेल की नाही, ही शंका त्या काळी पॅरिससारख्या शहरातही होती, हेच यातून दिसते. हे दुकान १९३० साली बंद झाले.

नळीचे युग

त्याच काळात युरोपमध्ये सामानाच्या जगात मोठा बदल होत होता. तोवर सामान म्हणजे जड लाकूड, त्यावर कोरीव वेलबुट्ट्या, गाद्या आणि मखमल. ते हलवायला चार माणसे लागत. १९२५ च्या सुमारास जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत मार्सेल ब्रॉयर या तरुणाने सायकलच्या हँडलकडे पाहून विचार केला की, पोकळ नळी इतकी वाकते आणि तरी इतके वजन पेलते, तर तिची खुर्ची का करू नये? त्यातून नळीच्या खुर्च्या निघाल्या. आज आपल्या लग्नमंडपात, विहारातल्या सभेत, ग्रामपंचायतीत लोखंडी नळीच्या घडीच्या खुर्च्या असतात, त्या याच कुळातल्या.

नळीचे सामान करणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत आयलीन ग्रे होत्या. इतरांची नजर बहुधा वस्तूच्या रूपावर होती. ग्रेबाईंची नजर वापरणाऱ्या माणसावर होती. ल कॉर्बुझिए या प्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञाने १९२३ मध्ये घराला राहण्याच्या यंत्राची उपमा दिली होती. ग्रेबाईंना ती पटली नाही. घर हे माणसाभोवतीचे कवच आहे, त्यात त्याच्या मनालाही जागा हवी, असे त्यांचे मत होते.

हे मत त्यांनी बांधून दाखवले. ज्याँ बादोविची या वास्तुशिल्पाच्या मासिकाच्या संपादकासाठी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून येथे त्यांनी १९२६ ते १९२९ या काळात समुद्राकाठी एक लहानसे घर उभे केले. वास्तुशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. वयाची पन्नाशी जवळ आली होती. घराला नाव दिले ‘ई १०२७’. हे कोडे आहे. ई म्हणजे आयलीनच्या नावातले इंग्रजी पहिले अक्षर. १० म्हणजे इंग्रजी मुळाक्षरांतले दहावे अक्षर जे, ज्याँचे. २ म्हणजे बी, बादोविचीचे. ७ म्हणजे जी, ग्रे यांचे. त्यांच्या नावाच्या दोन अक्षरांच्या मधोमध बादोविचींची दोन अक्षरे. आपण पाहत असलेले टेबल याच घरासाठी केले आणि घराच्याच नावाने ते ओळखले जाते.

एक खुर्ची इंदूरला येते

आपल्यापैकी अनेक कुटुंबे १४ एप्रिलला महूला जातात. बाबासाहेबांच्या जन्मभूमीचे दर्शन घेऊन इंदूरमार्गे परततात. एके काळी आपल्या पूर्णा जंक्शनवरून हिंगोली, वाशीम, अकोला, खंडवा अशी मीटरगेजची लाइन थेट महू आणि इंदूरपर्यंत जात असे. आता ती सलग मीटरगेज राहिली नाही, पण जुन्या माणसांना ती वाट आठवत असेल. महूपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर इंदूर आणि इंदुरात माणिकबाग.

इंदूरचे संस्थान होळकरांचे. शेवटचे सत्ताधारी महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांचा जन्म १९०८ चा. विलायतेत ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाशी मैत्री झाली. दोघेही तरुण. महाराजांनी त्याला इंदूरला नवा राजवाडा सजवायला सांगितले. घुमट, झुंबरे, सोन्याचे सिंहासन असे काही नको. युरोपात आज जे सर्वांत नवे आहे तेच हवे, असा आग्रह होता. १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग राजवाडा तयार झाला आणि जर्मनी-फ्रान्समधून जहाजाने सामान आले.

त्या सामानात आयलीन ग्रे यांची ‘ट्रान्सॅट’ नावाची आरामखुर्ची होती आणि ती महाराजांच्या शयनगृहात ठेवली होती. आगबोटीच्या डेकवर प्रवासी ज्या घडीच्या खुर्च्यांत पहुडतात, त्यांवरून ही खुर्ची सुचली, म्हणून तिला अटलांटिकपार जाणाऱ्या बोटींचे नाव. लाकडी सांगाडा, धातूचे जोड, मध्ये झोळीसारखी लोंबती बैठक आणि डोके टेकण्यासाठी हलणारा भाग. या खुर्चीच्या रचनेचे पेटंट त्यांनी १९३० मध्ये घेतले होते.

माणिकबागेत आणखी दोन स्त्रियांचे काम होते. शार्लोत पेरिआँ यांनी ल कॉर्बुझिए आणि पिएर जानरे यांच्याबरोबर केलेली नळीची आरामखुर्ची तिथे होती. लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स या जोडीने केलेले धातूचे व काचेचे पलंग तिथे होते. म्हणजे सुमारे नव्वद वर्षांपूर्वी युरोपातल्या तीन कर्तबगार स्त्रियांची कारागिरी एका मराठी घराण्याच्या वाड्यात नांदत होती. हे वैभव रयतेच्या महसुलावर उभे होते, हेही विसरू नये. गिरणीतला कामगार पत्र्याच्या खोलीत आणि राजाचा पलंग विलायती, हा त्या काळाचा हिशेब होता.

पुढे संस्थाने गेली. महाराज १९६१ मध्ये वारले. १९८० साली मोनॅको येथे माणिकबागेतल्या सामानाचा लिलाव झाला आणि ते जगभर पांगले. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने या महाराजांवर व त्यांच्या सामानावर मोठे प्रदर्शन भरवले. माणिकबागेची इमारत इंदुरात उभी आहे. तिच्यात केंद्र सरकारच्या जीएसटी व उत्पादन शुल्क खात्याचे कार्यालय आहे. जिथे राजाचे शयनगृह होते, त्या वास्तूत आता कारकून फायली हाताळतात. एका कारकुनाला हे लिहिताना थोडे बरे वाटते, हे लपवत नाही.

नाव कसे पुसले गेले

आता या हकिगतीतला कडू भाग. ‘ई १०२७’ हे घर कागदोपत्री बादोविची यांचे होते. १९३२ च्या सुमारास ग्रेबाई तेथून निघून गेल्या. सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याचे शेत, मग ते कोणी कसले का असेना, हा न्याय आपल्याला चांगला ठाऊक आहे. पुढे १९३८-३९ मध्ये ल कॉर्बुझिए तेथे पाहुणे म्हणून राहिले आणि त्यांनी त्या पांढऱ्या स्वच्छ भिंतींवर मोठमोठी भडक चित्रे रंगवली. ज्या बाईने घर घडवले, तिला विचारलेसुद्धा नाही. ग्रेबाईंना याचे फार दुःख झाले. विचारपूर्वक मोकळ्या ठेवलेल्या भिंती विद्रूप केल्या, असेच त्यांनी मानले.

हे ल कॉर्बुझिए म्हणजे पुढे ज्यांनी चंदीगड शहर रचले तेच. त्यांची थोरवी कोणी नाकारीत नाही. पण थोर माणसाच्या सावलीत दुसऱ्याचे नाव कसे झाकले जाते, त्याचा हा नमुना आहे. पुढे चित्रांमुळे ते घर ल कॉर्बुझिए यांचेच असावे, अशी अनेकांची समजूत झाली. काही लिखाणांत ते एकट्या बादोविचींच्या नावावर पडले. दुसऱ्या महायुद्धात त्या घरावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. ग्रेबाईंची रेखाटने आणि सामानही युद्धात बरेचसे नष्ट झाले. युद्ध संपले तेव्हा त्या सत्तरीकडे झुकल्या होत्या. पॅरिसच्या आपल्या घरात त्या शांतपणे काम करीत राहिल्या. विचारणारे कोणी नव्हते.

त्यांचे आणखी एक काम आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. १९३६ मध्ये फ्रान्समधील कामगारांनी मोठे संप केले आणि त्यांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. रजा मिळाली, पण गरीब कामगार कुटुंबाने जायचे कुठे? ग्रेबाईंनी कामगारांसाठी सुट्टीच्या वसाहतीचा आराखडा तयार केला. राहण्याच्या लहान खोल्या, स्वस्त जेवणघर, उघडे नाट्यगृह, मुलांसाठी जागा, सगळे त्यात होते. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात ल कॉर्बुझिए यांच्याच मंडपात तो आराखडा मांडला गेला. ती वसाहत कधी बांधली गेली नाही. राजाच्या शयनगृहापर्यंत जिची खुर्ची पोहोचली, त्या बाईच्या मनात गिरणीकामगाराच्या बायकापोरांची सुट्टीही होती, हे मात्र त्या आराखड्याने सिद्ध होते.

चाळीस वर्षांनी उजेड

१९६८ मध्ये जोझेफ रिकवर्ट या इतिहासकाराने इटलीच्या ‘डोमुस’ मासिकात त्यांच्यावर लेख लिहिला आणि लोकांना जाग आली. १९७२ मध्ये पॅरिसला जॅक दूसे या जुन्या संग्राहकाच्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यात ग्रेबाईंनी तरुणपणी केलेला रोगणकामाचा पडदा मोठ्या किमतीला गेला. त्या तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी इंग्लंडच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यांना उद्योगक्षेत्रातील रचनाकारांचा सर्वोच्च किताब दिला. १९७३ पासून लंडनचे व्यापारी झीव अराम यांनी त्यांच्याशी रीतसर करार करून, त्यांच्याच देखरेखीखाली त्यांच्या वस्तू पुन्हा तयार करायला सुरुवात केली. आपले टेबल सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोचते आहे, हे त्यांनी अखेरच्या दोन-तीन वर्षांत पाहिले. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या पॅरिसमध्ये वारल्या.

२००९ मध्ये पॅरिसच्या एका लिलावात त्यांची एक जुनी खुर्ची २ कोटी १९ लाख युरोंना विकली गेली. त्या वेळच्या दराने ही रक्कम शंभर कोटी रुपयांहून अधिक होते. त्यातला एक पैसाही ती खुर्ची घडवणाऱ्या हातांना मिळाला नाही. रोकब्रूनचे घरही आता दुरुस्त होऊन लोकांना पाहायला खुले झाले आहे, आणि ते आयलीन ग्रे यांच्या नावाने ओळखले जाते.

आपण काय घ्यावे?

लिलावाचे आकडे सोडून द्यावेत. आपण दोन गोष्टी घ्याव्यात.

पहिली गोष्ट टेबलाची युक्ती. परभणी, पूर्णा, गंगाखेड, जिंतूर, सेलू, कुठेही दारे-खिडक्या करणारा वेल्डिंगवाला आहेच. घरात दीर्घ आजारी माणूस असेल तर आपल्या मापाचे सरकते टेबल त्याच्याकडून करून घेता येईल. करताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खांब एका बाजूला असतो, म्हणून खालचे बूड वरच्या फळीइतके तरी पुढे आलेले असावे. नाही तर वजन पडताच टेबल कलंडेल. बूड जाड करू नये, पलंगाखाली किती फट आहे ती आधी मोजावी. पेटीचा दिवाण जमिनीला टेकलेला असतो, त्याखाली बूड जाणारच नाही, हेही पाहावे. वरची फळी गादीवर बसलेल्या माणसाच्या कोपराच्या पातळीला यावी. नळीत दोन-दोन इंचांवर छिद्रे पाडून खीळ घालावी आणि ती हरवू नये म्हणून साखळीने बांधावी. नळीची उघडी तोंडे बुचाने बंद करावीत. लहान मुले असतील तर काच नको, सनमायका लावलेली प्लायवूडची फळी बरी. तिच्या कडा घासून गोल कराव्यात. दुपारी आजीचे ताट आणि रात्री नातीची वही, दोन्ही त्यावर राहतील. मात्र युक्ती घ्यावी, माप आपले ठेवावे. ग्रेबाईंचे टेबल जसेच्या तसे उतरवून त्यांच्याच नावाने बाजारात विकू नये. ज्या अन्यायाची गोष्ट आपण वाचली, तोच आपण करू नये.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या समाजात कितीतरी कुशल हात आहेत. गवंडी, सुतार, वेल्डर, शिलाईकाम करणाऱ्या भगिनी, वाकळेवर नवा नमुना उठवणाऱ्या आजीबाई. त्यांच्या कामाखाली नाव कोणाचे लागते? दुकानदाराचे, ठेकेदाराचे. माल चांगला निघाला तर मालक हुशार, बिघडला तर कारागीर नालायक. आपल्या देशात २००० सालचा डिझाइन कायदा आहे, याची अनेकांना माहिती नाही. वस्तूचा आकार, ठेवण, नक्षी नवीन असेल तर तिची नोंद करता येते. नोंदीचे संरक्षण आधी दहा वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी पाच वर्षे मिळते. अट अशी की नोंदणीचा अर्ज करण्यापूर्वी तो नमुना जाहीर झालेला किंवा विकला गेलेला नसावा. आणखी एक कलम नीट समजून घ्यावे. दुसऱ्यासाठी मोबदला घेऊन नमुना तयार केला, तर मालकी त्या दुसऱ्याची होते. म्हणून शिकलेल्या मुलांनी घरातल्या कारागिराचा अर्ज भरून द्यावा, कराराचा कागद वाचून सांगावा. ते जमत नसेल तर निदान एवढे करावे: आईने शिवलेल्या वाकळेच्या कोपऱ्यात तिचे नाव आणि साल दोऱ्याने घालून ठेवावे. भावाने केलेल्या दिवाणाच्या खालच्या पट्टीवर त्याचे नाव रंगाने लिहावे.

आयलीन ग्रे यांनी आपले नाव घराच्या आकड्यांत लपवून ठेवले होते, तरी ते शोधायला जगाला चाळीस वर्षे लागली. आपल्या आयाबहिणींची, भावांची नावे कोणत्याही आकड्यात लपलेली नाहीत. ती लिहिलीच गेली नाहीत तर शोधणार कोण?